सहाशे बारा दोरे

डोळे मिटा बघू. घट्ट मिटा. पापण्यांच्या फटीतून बघायचं नाही.

आता समजा, तुम्ही एका लांबट खोलीत उभे आहात. डाव्या हाताला भिंतभर लाकडी फळ्या आहेत. फळ्यांवर कॅसेटच्या डब्या आहेत, एकीला एक खेटून, सगळ्या मिळून सहाशे बारा. त्यांतल्या एका डबीत सातवीच्या इतिहासाचा चौथा धडा आहे आणि उद्या त्याच धड्यावर चाचणी आहे. चला, शोधा.

कसा शोधणार? डब्या सगळ्या एका मापाच्या. हलवल्या तर सारख्याच खुळखुळतात. एकेक लावून ऐकत बसलात तर चाचणी होऊन निकालसुद्धा लागेल.

रक्षिता मात्र तुम्ही दहापर्यंत अंक मोजेतो तो धडा काढून आणायची.

ही गोष्ट दोन हजार दोन सालची. रक्षिता तेव्हा बारा वर्षांची होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. सहा वर्षांची असताना आईवडील तिला गडहिंग्लजहून एसटीनं घेऊन आले आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या अंध मुलींच्या वसतिगृहात ठेवून गेले. मुली दिवसा बाहेरच्या शाळेत जात आणि संध्याकाळी कॅसेट लावून धडे ऐकत. गावातली माणसं हौसेनं धडे वाचून कॅसेटी भरून देत. आकारामकाका नावाचे निवृत्त पोस्टमन होते, एक नर्सबाई होत्या, आणखीही दोघं-तिघं होती.

या कॅसेटी सांभाळायची ती बयाबाई. मुलींची बयामावशी. साठी ओलांडलेली, अंगानं काटक, आवाजानं खणखणीत. तिलाही दिसत नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी पहिली कॅसेट हातात आली, तेव्हा तिनं तापल्या सुईनं डबीच्या कोपऱ्याला भोक पाडलं आणि त्यात वीतभर दोरा ओवला. दोरा कसला, त्यावरून इयत्ता कळायची. सुतळी म्हणजे पाचवी, सुती दोरा सहावी, लोकर सातवी, नाडी आठवी. पहिली गाठ विषयाची. सुरगाठ असली की इतिहास, निरगाठ असली की भूगोल. मग बोटभर जागा सोडून जितक्या गाठी, तितकावा धडा. गोष्टींच्या कॅसेटींना जुन्या साडीच्या काठाची पट्टी. फळीवरून नुसता हात फिरवला, की बोटं बरोबर जागेवर थांबायची.

आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, कारण ती तेव्हा फक्त रक्षितालाच ठाऊक होती. कॅसेटी सहाशे बारा नव्हत्या. सहाशे तेरा होत्या. गोष्टींची पाचवी कॅसेट चार महिन्यांपासून रक्षिताच्या पत्र्याच्या पेटीत, स्वेटरच्या घडीत होती. पहिल्या दिवशी मावशीनं सगळ्यांना विचारलं तेव्हा ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी सांगणं जास्त अवघड झालं. महिन्यानं तर तोंडच उघडेना. कॅसेट हरवली म्हणून चर्चा झाली, आणि जूनमध्ये वसतिगृहावर नव्यानं आलेल्या मोठ्या बाईंनी ठरवलं, की कुठली कॅसेट कुणाकडे आहे याची नीट नोंद पाहिजे. त्यांनी 'जोडणी'ला फोन केला.

'जोडणी' म्हणजे मोठी कचेरी नव्हे. शाहूपुरीत एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या दुकानावरची एक खोली, आणि त्या खोलीत दोन माणसं. एक शशिधरअण्णा. ते पूर्वी एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळत. एकदा ते एका अनाथाश्रमात गेले, तर तिथं देणगीत मिळालेला कॉम्प्युटर टेबलावर होता. त्यावर विणलेला रुमाल, त्यावर हार आणि कपाळाला म्हणावं तिथं हळदकुंकू. दोन वर्षं त्याची रोज पूजा झाली होती, बटण मात्र एकदाही दाबलं गेलं नव्हतं. अण्णा घरी गेले ते नोकरी सोडायचं ठरवूनच. दुसरी संयोगिताताई. ती विद्यापीठातून कॉम्प्युटर शिकून आली होती आणि तिला पुण्यात नोकरी मिळत होती, तरी ती इथंच राहिली. दोघं अण्णांच्या स्कूटरवरून फिरत. ताई मागं बसे आणि कॉम्प्युटरचा डबा मांडीवर धरी. रक्तदात्यांची मंडळं, बालवाड्या, वाचनालयं, जिथं चांगलं काम चालतं पण यंत्र हाताळायला कुणी नाही, तिथं ते जात आणि माणसं शिकेपर्यंत पुन्हा पुन्हा जात.

त्यांचा एक नियम होता. नव्या ठिकाणी पहिला दिवस हात मागं धरून फिरायचं. कशालाही हात लावायचा नाही. काम कसं चालतं ते नुसतं बघायचं.

वसतिगृहातही त्यांनी तो नियम पाळला. पण त्या आठवड्यात बयामावशी भाचीच्या बाळंतपणासाठी कसबा बावड्याला गेली होती आणि मुली शाळेत होत्या. तेव्हा त्यांनी पाहिली ती रिकामी खोली, फळ्या आणि मळक्या दोऱ्यांचं जंजाळ.

संध्याकाळी रक्षिता शाळेतून आली तर खोलीत गुळाचा वास येत होता.

"कोण आहे?" तिनं विचारलं.

"मी शशिधर. तू गडहिंग्लजकडची ना? बोलण्यावरून ओळखलं. मी नूलचा, तुमच्या जवळचाच."

"तुम्ही गूळ आणलाय?"

अण्णा हसले. "खाली गोदाम आहे, त्याचा वास अंगाला बसलाय. ये, हात दे. इथं ठेव."

रक्षिताच्या तळव्याखाली काहीतरी कोमट होतं आणि ते बारीक घुमत होतं. गोठ्यात बसलेल्या म्हशीच्या पोटावर हात ठेवावा तसं. तिनं दुसराही हात ठेवला. आत काहीतरी जिवंत असल्यासारखं एकसारखं फिरत होतं.

"याच्या पोटात तुमच्या सगळ्या कॅसेटींची यादी राहणार," अण्णा म्हणाले. "कुठली कॅसेट कुणाकडं गेली, हे ते सांगणार. ते विसरणार नाही."

रक्षितानं दोन्ही हात चटकन काढून घेतले. तिला वाटलं, याला आत्ताच माहीत असेल का?

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि सवयीनं फळीवरून हात फिरवला.

हात कुठंच थांबला नाही. पहिल्या डबीपासून शेवटच्या डबीपर्यंत तो सरळ घसरत गेला. तिनं खालची फळी पाहिली, मग त्याखालची. सगळं गुळगुळीत. प्रत्येक डबीवर कागदाची एक चौकोनी चिठ्ठी होती, तिच्या कडा नखाला लागत होत्या. बाकी काही नाही.

"दोरे कुठायत?" तिनं मोठ्या बाईंना विचारलं.

"त्या चिंध्या होय? काढल्या. किती धूळ बसली होती त्यांवर. दुपारी बंबात घातल्या."

त्या संध्याकाळी मुलींनी ज्या पाण्यानं हातपाय धुतले, ते अठरा वर्षांच्या गाठींवर तापलं होतं.

बयामावशी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. रविवार होता. अण्णा आणि ताई शेवटच्या चिठ्ठ्या तपासत होते. मावशीनं पिशवी कोपऱ्यात ठेवली, फळीला हात लावला आणि तशीच उभी राहिली. मग शेवटपर्यंत चालत गेली आणि परत आली.

"कात्री कुनाच्या हातात हुती?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता.

"माझ्या," अण्णा म्हणाले. "मावशी, प्रत्येक डबीवर छापील चिठ्ठी लावलीय. इयत्ता, विषय, धडा. कॅसेटीवर वाचणाऱ्यांनी पेननं लिहिलं होतं तेच, चांगल्या ठळक अक्षरात."

"ठळक अक्षरात व्हय? लई ब्येस केलंसा." मावशीनं एक डबी काढली आणि रक्षिताच्या हातात दिली. "रक्षे, वाच गं जरा. ठळक हाय म्हनं."

बाहेरून एक रिक्षा फटफटत गेली. मग संयोगिताताईच्या हातातलं काहीतरी खाली पडलं.

"आमची फार मोठी चूक झाली, मावशी," ती म्हणाली.

"चुकत्यात मानसं. जावा तुमी."

अण्णांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून हळूहळू खाली गेला, म्हाताऱ्या माणसाचा जावा तसा.

रात्री जेवताना मावशी म्हणाली, "शनवारी जोतीरामला बोलवून घ्येते. बावड्याला जाते."

"परत कधी येणार?" रक्षितानं विचारलं.

"परत येऊन करू काय? डब्या आता डोळंवाल्यांच्या झाल्या. भाऊ हाय माजा, दोन भाकरी घालंल. हितं फुकटचं बसून खाऊ व्हय?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. काम संपलं की माणूस हात धुतो, तसं ती बोलत होती. रक्षिता ताटातली भाकरी कुस्करत राहिली. मीच कॅसेट लपवली, म्हणून नोंद आली. नोंद आली म्हणून कात्री आली. आणि आता शनिवारी मावशी जाणार.

सोमवारी सकाळी सातलाच गुळाचा वास आला. अण्णा फरशीवर मांडी घालून बसले होते. पुढ्यात पिशवी होती आणि पिशवीत सुतळी, लोकर, नाड्या, दोऱ्यांची रिळं. त्यांनी डोळ्यांवर मफलर बांधला होता. संयोगिताताई दाराशी उभी होती.

"मावशी, मला शिकवा," ते म्हणाले.

"मी न्हाय शिकवत. मला पेटी भरायची हाय." मावशी पडद्यापलीकडच्या आपल्या खोलीत गेली. पेटीची कडी वाजली.

रक्षिता उभीच होती. शिकवायला नमुना तर पाहिजे. सगळे दोरे जळून गेले होते. एकच उरला होता, आणि तो कुठं आहे हे एकाच माणसाला माहीत होतं.

ती आपल्या पेटीपाशी गेली. स्वेटरची घडी उलगडली. परत आली आणि डबी अण्णांच्या हातात ठेवली.

"ही गोष्टींची आहे," ती म्हणाली. "हाताला लागतोय तो साडीचा काठ. पुढं मोजा."

"एक, दोन, तीन... पाच," अण्णांची बोटं अडखळत चालली होती. "आणि ही शेवटची? बारीक आहे."

"ती... ती म्हणजे संपलं."

"संपलं न्हवं," पडद्यामागून आवाज आला. "वाचनारा कोन त्ये हाय. बारीक एक गाठ म्हंजे आकाराम पोस्टमन. दोन असल्या तर नर्सबाई." पेटीतला आवाज थांबला. "आनि ती गोष्टींची पाचवी हाय न्हवं? चार म्हैनं धुंडायलोय तिला."

"माझ्या पेटीत होती, मावशी," रक्षिता म्हणाली.

"कशापायी?"

"आकारामकाका माझ्या अज्जासारखं बोलतात. अज्जा वारला तेव्हा मी इथं होते."



"मग सांगायचं हुतंस की," मावशी म्हणाली. "तुझ्यासाठनं दुसरी भरून घ्येतली असती."

आणि पुन्हा कपड्यांच्या घड्या घालायचा आवाज सुरू झाला. पण रक्षिताच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. मावशी इतका वेळ घड्या घालत नव्हती. ऐकत होती.

"आता सातवी, अण्णा," रक्षिता मोठ्यानं म्हणाली. सातवीला लोकर असते हे तिला आपल्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. "सातवीला घ्यायचा सुती दोरा."

पडद्यामागच्या घड्या थांबल्या.

"आणि इतिहासाला निरगाठ मारायची. गच्च."

पडद्याच्या कड्या खळखळल्या. "लोकर," मावशी दारातूनच म्हणाली. "सातवीला लोकर. आनि इतिहासाला सुरगाठ. सरका वो पावणं तिकडं. ही पोरगी तुमचा पार इस्कोट करून ठेवंल." ती फरशीवर बसली आणि तिनं अण्णांच्या हातातला दोरा ओढून घेतला.

मग काम सुरू झालं ते असं. संयोगिताताई एक डबी उचलायची आणि चिठ्ठी वाचायची. मावशी दोरा निवडायची, गाठी मारायची. अण्णा डोळे बांधून शेजारी बसायचे आणि तिच्या गाठींवरून बोटं फिरवून तशाच मारायचा प्रयत्न करायचे. पहिल्या दिवशी त्यांच्या साताठ गाठी मावशीनं दातांनी सोडवल्या. "कारखान्यात काय करत हुता म्हनं तुमी?" असं तिनं दोनदा विचारलं.

शाळेतून आल्यावर रक्षिता डब्यांना दोरे ओवायची, आणि त्या संध्याकाळी तिला एक नवल ऐकायला मिळालं.

"सहावी, भूगोल, धडा दुसरा," ताईनं वाचलं.

"हां. नर्सबाईंनी वाचलाय. मधी त्येंच्या दारावरची घंटी वाजती. घंटीच्या म्होरं नद्यांची नावं हैत, ती नीट ऐकायची. म्हनून हितं, मधी, एक सैल गाठ."

"सहावी, भूगोल, तिसरा."

"ही टेप मधी चिरकती. पेन्सिल घालून एक येढा फिरवावा लागतोय. दोऱ्याचं टोक दुमडून शिवायचं."

ताईचं वाचणं थांबलं. तिनं मधलीच एक डबी काढली. मावशीनं लगेच सांगितलं. तिनं अगदी खालच्या फळीवरची काढली. मावशीनं तीही सांगितली, कुणी वाचली, कुठल्या पानाशी खोकला आला, कुठल्या बाजूनं आधी लावायची. ताई एकामागून एक डब्या काढत राहिली आणि मावशी भाजी निवडता निवडता गप्पा माराव्यात तशी सांगत राहिली.

"अण्णा," ताई हळूच म्हणाली. तिचा आवाज देवळात बोलावं तसा झाला होता. "आपण यादीत तीन रकाने केले. या वीतभर दोऱ्यात सहा होते."

अण्णांनी मफलर सोडला नाही. "आणि मी ते कात्रीनं कापले," ते म्हणाले. मग त्यांनी ताईला आपली वही काढायला लावली आणि पहिल्या पानावर, हात मागं धरायच्या नियमाच्या वर, एक ओळ लिहून घेतली: आधी विचारा, आज इथं कोण आलेलं नाही?

शनिवारी जोतीराम रिक्षा घेऊन आला. बावड्याचा कारखाना सुरू झाला होता आणि त्याला ऊस घालायची घाई होती. "आक्का, पेटी कुटं हाय?" त्यानं दारातूनच विचारलं.

खोलीत सगळे थांबले. रक्षिताच्या हातातली सुई भोकात अर्धी गेली होती, तिथंच राहिली.

मावशीनं गाठ आवळली, लाळेनं टोक ओलं केलं आणि दुसरा दोरा घेतला. "तू जा, जोत्या," ती म्हणाली. "हितं अजून भूगोल ऱ्हायलाय."

"भूगोल झाल्यावर येऊ?"

"मग इज्ञान हाय. जा म्हनते न्हवं."

जोतीराम चहा पिऊन गेला. रक्षितानं सुई ओढून घेतली. दोरा नीट बसला.

नवव्या दिवशी संध्याकाळी शेवटची डबी फळीवर गेली. रक्षितानं पहिल्या टोकापासून हात फिरवला. सुतळी, सूत, लोकर, नाडी. नवे दोरे जरा खरखरीत होते, आणि सगळ्यांना गुळाचा वास येत होता.

"आता इकडं ये," संयोगिताताई म्हणाली. तिनं रक्षिताची बोटं कॉम्प्युटरच्या बटणांवर ठेवली. काही बटणांवर मोहरीचा एकेक दाणा चिकटवला होता. "सात दाब. मग हा दाणा, इतिहास. मग चार."

रक्षितानं दाबलं. यंत्र क्षणभर घुमलं, आणि आतून बयामावशी बोलली.

"सातवी. इतिहास. धडा चवथा. फळीवर हाय."

रक्षिता झटक्यानं मागं वळली. मावशी तर तिच्या मागंच बसली होती, श्वास ऐकू येत होता. म्हणजे मावशी मागंही होती आणि यंत्रातही होती.

"ही कोन बाई?" मावशीनं विचारलं.

"तुम्हीच की," ताई म्हणाली. "नऊ दिवस तुम्ही बोलत होता, मी माईक लावून भरून घेत होते."

मावशी उठून आली आणि तिनं यंत्रावर हात ठेवला. रक्षितानं पहिल्या दिवशी ठेवला होता तिथंच. "ह्यो माजा आवाज? येवढा खरखरीत?" ती म्हणाली. नुसता हात तसाच ठेवून उभी राहिली. "पुन्यांदा लाव गं," शेवटी ती म्हणाली.

रक्षितानं पाच वेळा लावलं.

जाताना ताईनं मावशीला एक कॅसेट दिली. त्यात मावशीनंच सांगितलेला गाठींचा सगळा हिशेब होता, कुठला दोरा कशाचा, कुठली गाठ कुणाची. उद्या कुणी नवं आलं तर त्यानं आधी ही ऐकावी, असं अण्णा म्हणाले.

मावशीनं ती डबी हातात घोळवली. सुई तापवून कोपऱ्याला भोक पाडलं. मग पिशवीत हात घातला आणि थांबली. ही पाचवीची नव्हती, सातवीची नव्हती, गोष्टही नव्हती. अशा कॅसेटीला दोराच ठरलेला नव्हता.

तिनं डबी रक्षिताच्या मांडीवर ठेवली. "हिला काय बांधायचं, तू ठरीव," ती म्हणाली.

रक्षितानं पिशवी चाचपली. सुतळी बाजूला सारली, लोकर बाजूला सारली. थोडा वेळ ती हात मांडीवर ठेवून, काही न करता बसली. मग तिनं वेणी पुढं घेतली, तिची रिबीन सोडली, टोक भोकातून ओवलं, आणि मावशीनं कधीच मारली नव्हती अशी एक नवी गाठ मारायला घेतली.